कीटकांच्या पंखांचे रेखाटन

चतुराचा पंख कागदावर काढा असे कोणास सांगितले, तर बहुधा तो लांबट पानासारखी आकृती काढतो, मध्ये एक रेघ ओढतो आणि दोन्ही बाजूंस फाटे काढून मोकळा होतो. वस्तू डोळ्यांपुढे असली तरी हात झाडाचे पानच काढतो. कारण आपण पाहतो त्यापेक्षा आठवतो अधिक. पंखाचे रेखाटन शिकणे म्हणजे प्रथम ही सवय मोडणे होय.

पंख ही वस्तू आहे तरी कशी? एक पातळ पापुद्रा आणि त्यास ताणून धरणाऱ्या शिरा. या शिरा पोकळ नळ्या असून त्यांतून कीटकाचे रक्त फिरते. चतुराच्या पंखात त्या एका पातळीत नसतात. एक उंचवट्यावर, तर दुसरी खळगीत. छपराचा पन्हळी पत्रा पातळ असूनही वाकत नाही, त्यातलीच ही युक्ती आहे. पुढच्या कडेच्या शिरा जाड आणि जवळजवळ असतात, मागची कड नाजूक आणि लवचीक असते. म्हणून सर्व रेघा सारख्याच जाडीच्या काढल्या की चित्र निर्जीव होते.

आता कृतीकडे वळू. दिव्याखाली मरून पडलेला चतुर पुष्कळदा सापडतो. जिवंत धरण्याचे कारण नाही. त्याचा पुढचा पंख अलगद सोडवून दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवावा. पट्टीने लांबी-रुंदी मोजावी आणि दोन्ही मापे पाचपट करून कागदावर चौकट आखावी. प्रथम बाह्यरेषा काढावी. पुढच्या कडेच्या साधारण मध्यावर एक गाठ दिसते व टोकाजवळ एक गडद ठिपका. ही दोन ठिकाणे मोजून नक्की करावीत. पुढचे सारे रेखाटन त्यांच्या आधाराने होते. ठिपका शोभेसाठी नसतो. त्याच्या वजनामुळे सरळ तरंगताना पंखाची थरथर आवरली जाते. मग मुळापासून निघणाऱ्या मोठ्या शिरा आणि अगदी शेवटी आडव्या शिरांची जाळी. जाळीतील घरे अंदाजाने भरू नयेत. भिंगातून मोजून भरावीत. घरे चुकली तर बहुधा मोठी शीरच चुकलेली असते.

शिरांची नावेही शिकून घ्यावीत. कॉमस्टॉक व नीडहॅम या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञांनी १८९८-९९ साली दाखवून दिले, की निरनिराळ्या कीटकांचे पंख कितीही भिन्न दिसले तरी त्यांच्या मुख्य शिरांचा मूळ आराखडा एकच आहे. तो ध्यानी आला की माशी, मधमाशी आणि फुलपाखरू ही एकाच घराण्यातील वाटू लागतात. घरमाशीला पंखांची एकच जोडी. मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन गाठी. मधमाशीचे पुढचे-मागचे पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकतात. चित्र काढणाऱ्यास हे कोणी सांगावे लागत नाही.

पण एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या देशातच घडले. रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर १८९५ पासून डास फाडून त्यांत हिवतापाचा जंतू शोधत होता. तो कीटकशास्त्रज्ञ नव्हता. डासांची शास्त्रीय नावे त्यास ठाऊक नव्हती. करड्या आणि पट्टेदार डासांनी त्यास निराश केले. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस, ज्यास तो ‘ठिपकेदार पंखांचा डास’ म्हणे, त्याच्या जठरात त्यास जंतूच्या वाढीची खूण सापडली. नाव ठाऊक नसले तरी पंखावरचे ठिपके त्याने पाहिले होते आणि नोंदलेही होते. पुढे १९०२ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे हिवताप पसरविणाऱ्या प्रमुख डासांच्या पंखांवर आजही ते ठिपके पाहता येतात. शिरांवरच्या फिक्या आणि गडद खवल्यांनी ते बनतात, आणि डासांच्या जाती ओळखताना त्यांची मांडणी तपासतात.

छायाचित्र क्षणात निघते हे खरे. पण कॅमेरा आपल्यासाठी शिरा मोजत नाही. पेन्सिल मोजावयास लावते. एक भिंग, एक पट्टी आणि रविवारची एक सकाळ, एवढे भांडवल कोणत्याही घरात निघेल. घरातील मुलांना सोबत घेऊन बसावे. घरे मोजण्यात त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात.