अभंगाचा सात-बारा

आज खत-बियाणं थोडं बाजूला ठेवू.

गावोगाव बैठकीला गेलो की पुष्कळदा देवळात आरती होईपर्यंत थांबावं लागतं. तुकोबांची आरती तुम्हा सर्वांना तोंडपाठ. पण तिच्या शेवटी नाव कुणाचं येतं, असं विचारलं की मंडळी एकमेकांकडे बघतात. जमिनीचा सात-बारा आपण डोळ्यांत तेल घालून वाचतो. अभंगाचा सात-बारा म्हणजे त्याचा शेवटचा चरण. कवीचं नाव तिथंच असतं.

आरतीत नाव आहे रामेश्वराचं. हे वाघोलीचे रामेश्वर भट्ट. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारे हेच, असं परंपरा सांगते. पुढे ते शिष्य झाले आणि वह्या पाण्यात तरल्या याची साक्ष आपल्याच आरतीत देऊन गेले. विरोधकाचं हे प्रशस्तिपत्रक आपण रोज टाळ्या वाजवून म्हणतो!

दुसरं नाव बहिणाबाईंचं. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, या १७ व्या शतकातल्या शिऊरच्या. शिऊर म्हणजे वैजापूर तालुका. कोल्हापुरात असताना त्यांना एका वासराचा फार लळा लागला. वासरू कीर्तनालाही मागोमाग यायचं. नवऱ्याला हे खपेना, त्यानं त्यांना मारलं. वासरूही गेलं. त्या दुःखात तुकोबांनी स्वप्नात येऊन उपदेश केला, असं त्यांनी स्वतःच आपल्या अभंगांत लिहून ठेवलंय. ब्राह्मणाच्या बाईनं कुणबी वाण्याला गुरू मानायचं, तेही त्या काळात! दावणीचं जनावर दगावलं म्हणजे घरात काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून हे अभंग मला जवळचे वाटतात.

तिसरे निळोबा. पारनेर तालुक्यातल्या पिंपळनेरचे. तलाठी भाऊसाहेबांनी इथं जरा लक्ष द्यावं, कारण निळोबा कुलकर्णी होते. १९५० च्या कायद्यानं कुलकर्णी वतनं गेली, जुन्या काळी गावचं दप्तर कुलकर्ण्याकडे असायचं. पूजेत सरकारी बोलावणं आडवं येऊ लागलं, तेव्हा त्यांनी दप्तर सोडलं, असं सांगतात. तुकोबा १६५० मध्येच गेले होते. तरी निळोबांनी लिहिलं, की सद्गुरू तुकोबा आले, डोक्यावर हात ठेवला, प्रसाद दिला. प्रत्यक्ष भेट नाही, तरी गुरू तेच.

आता कामाचं. भजनी मंडळाच्या जुन्या वह्यांत जागा वाचवायला शेवटचा चरण अर्धाच उतरवलेला मी पाहिलाय. मग बहिणाबाई नाही, निळोबा नाही, सगळं तुकोबांच्या नावावर चढतं. चुकीची नोंद झाली की फेरफार करायला किती हेलपाटे पडतात, तुम्ही जाणताच. वही काढा, समासात कवीचं नाव लिहा. अडलं तर म्हाताऱ्या बुवांना विचारा. फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकाराम बीजेला, ते देवळात सापडतीलच.