बर्फ नको, घड्याळ बघा!

चहा घेता घेता सासूबाईंचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला. "डोक्यावर बर्फ ठेव गं!" शेजारच्या काकू ओरडल्या. मी फ्रिजकडे धावले. ह्यांनी मात्र रिक्षा आणली.

डॉक्टर नंतर म्हणाले, "मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. अंग ३४-३५ अंशांपर्यंत थंड करून त्या वाचवायचा प्रयोग युरोपात झाला. रुग्ण कमी मिळाले, ९८ वरच थांबला. २०१९ च्या अहवालात फायदा दिसला नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मात्र साडेचार तासांच्या आत, सीटी स्कॅन करूनच देतात."

आम्ही दोन तासांत पोचलो होतो. आज सासूबाई स्वतः चहा गाळतात. मैत्रिणींनो, बर्फ शोधू नका, सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा!