विश्लेषण : ‘कृत्रिम सूर्य’ तापवतात कसा आणि त्याचा ताप मोजतात कसा?

जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या ‘ईस्ट’ या यंत्राने १,०६६ सेकंद प्लाझ्मा टिकवून धरला. महिना उलटायच्या आत फ्रान्समधील ‘वेस्ट’ने १,३३७ सेकंदांची, म्हणजे २२ मिनिटांहून अधिक काळाची मजल मारली. ‘कृत्रिम सूर्य पेटला’ असे संदेश मोबाइलवर फिरू लागले. प्रत्यक्षात या दोन्ही यंत्रांतून वीज मिळाली नाही आणि या प्रयोगांचा तो हेतूही नव्हता. कोट्यवधी अंशांच्या अशा बातम्यांमागे दोन प्रकारची उपकरणे असतात. एक वायू तापवणारी, दुसरी आत नेमके काय घडले ते बाहेरून टिपणारी. फ्युजनच्या कोणत्याही दाव्याचा खरेखोटेपणा या दुसऱ्या प्रकारच्या उपकरणांवर ठरतो.

तापवण्यासाठी नुसती वीज का पुरत नाही?

केंद्रकीय संमीलन, म्हणजेच फ्युजन, घडवायचे तर हायड्रोजनची दोन जड भावंडे, ड्युटेरियम आणि ट्रिटियम, यांची केंद्रके एकमेकांना भिडवावी लागतात. दोन्ही धनप्रभारित, त्यामुळे ती एकमेकांना दूर लोटतात. हा विरोध मोडायचा तर कण अतिशय वेगाने धावायला हवेत. कणांचा वेग वाढवायचा म्हणजे वायू तापवायचा. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश सेल्सिअस तापमान असते, पण तिथे सूर्याच्या स्वतःच्या वजनाचा प्रचंड दाब मदतीला असतो. पृथ्वीवर तो दाब नाही. म्हणून इथे सूर्याच्या दहापट, सुमारे १५ कोटी अंश तापमान लागते. इतक्या तापलेल्या वायूतले इलेक्ट्रॉन केंद्रकांपासून सुटे होतात. हाच प्लाझ्मा. त्याला कोणत्याही भांड्यात ठेवता येत नाही, म्हणून ‘टोकामॅक’ या मेदूवड्याच्या आकाराच्या पोकळीत चुंबकीय क्षेत्राने तो भिंतींपासून दूर, अधांतरी धरून ठेवतात.

या प्लाझ्मातूनच वीजप्रवाह सोडला, तर तो गीझरच्या कॉइलसारखा तापतो. सुरुवातीला हे उत्तम चालते. अडचण पुढे येते. तारेचा विद्युतरोध तापमानाबरोबर वाढतो, प्लाझ्माचा मात्र झपाट्याने घटतो. तापमान चौपट झाले की रोध आठपटीने कमी होतो. दोन-तीन कोटी अंशांच्या पुढे ही युक्ती जवळपास निकामी ठरते आणि उरलेली उष्णता बाहेरून पोहोचवावी लागते.

बाहेरून उष्णता आत शिरते कशी?

कॉफीच्या यंत्राची नळी दुधात बुडवून वाफ सोडली की थंड दूध क्षणात उकळते. वाफेचे वेगवान रेणू आपली ऊर्जा दुधाला देतात. ‘तटस्थ कणझोत’ हे उपकरण प्लाझ्माच्या बाबतीत हेच करते. पण यात एक पेच आहे. कणांना वेग द्यायचा तर ते विद्युतप्रभारित हवेत, कारण विद्युतदाब फक्त प्रभारित कणांनाच ढकलतो. आणि प्रभारित कण टोकामॅकच्या चुंबकीय क्षेत्रापाशी पोहोचले की तिथूनच वळवले जातात. म्हणून आधी आयनांना वेग द्यायचा, मग ते विरळ वायूने भरलेल्या नळीतून नेऊन त्यांचा प्रभार काढून घ्यायचा आणि तटस्थ झालेले अणू आत सोडायचे.

आतापर्यंतच्या बहुतेक यंत्रांत धन आयन वापरले गेले. दक्षिण फ्रान्समधील कदाराश येथे उभ्या राहत असलेल्या ‘ईटर’ या महाकाय टोकामॅकमध्ये ते चालणार नाहीत. तिथला प्लाझ्मा इतका मोठा आहे, की गाभ्यापर्यंत पोहोचायला झोताला १० लाख व्होल्टचा धक्का हवा. इतक्या वेगाने जाणारा धन आयन इलेक्ट्रॉन पकडायला तयार होत नाही. त्यामुळे उलटा मार्ग घेतला आहे. अणूला एक जास्तीचा इलेक्ट्रॉन चिकटवून ऋण आयन बनवायचा. हा इलेक्ट्रॉन इतका सैल असतो, की वायूच्या नळीत धक्क्यासरशी गळून पडतो. पण ज्या सैलपणामुळे तो नंतर सहज सुटतो, त्याच सैलपणामुळे असे आयन मुळात तयार करणे आणि टिकवणे जिकिरीचे होते. त्यासाठी आयनस्रोताच्या आतल्या पृष्ठभागावर सीझियम या धातूचा पातळ थर सतत राखावा लागतो. शिवाय आयनांसोबत नको असलेले इलेक्ट्रॉनही ओढले जातात. ते वाटेतच चुंबकांनी वळवून गोळा केले नाहीत, तर उपकरणच वितळेल. ईटरच्या प्रत्येक झोतयंत्रातून ४० अँपिअरचा आयनप्रवाह १,२८० छिद्रांमधून काढायचा आहे. निघालेले ड्युटेरियमचे अणू सेकंदाला सुमारे ९,८०० किलोमीटर वेगाने धावतील आणि एक यंत्र प्लाझ्माला १६.५ मेगावॉट देईल. इतके मोठे झोतयंत्र याआधी कुणीच बांधलेले नाही, म्हणून इटलीतील पादुआ येथे त्याच्या चाचणीसाठी स्वतंत्र प्रयोगशाळाच उभारावी लागली.

मायक्रोवेव्ह आणि रेडिओ लहरींचा काय उपयोग?

झोपाळ्याला योग्य वेळी हलकासा हात लावत राहिले, की झोका वाढत जातो. चुंबकीय क्षेत्रात अडकलेले कणही ठरावीक तालात घिरट्या घेतात. त्याच तालाची लहर आत सोडली की कण ती शोषून घेतात. जड आयनांचा ताल संथ असतो. ईटरमध्ये त्यांच्यासाठी ४० ते ५५ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी लागतील, म्हणजे आपण एफएमवर गाणी ऐकतो त्याच्या साधारण निम्म्या कंप्रतेच्या. फरक शक्तीचा आहे. इथला एकेक ‘ट्रान्समीटर’ २५ लाख वॉटचा आहे. यातली डोकेदुखी म्हणजे अँटेना. ती प्लाझ्माच्या अगदी जवळ ठेवावी लागते. प्लाझ्माची कड जराशी हलली तरी लहरी परत फिरतात आणि ती शक्ती उलट ट्रान्समीटरवरच आदळते.

इलेक्ट्रॉन हलके, म्हणून त्यांचा ताल द्रुत. त्यांना १७० गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १७ हजार कोटी कंपनांच्या लहरी द्याव्या लागतात. त्या ‘गायरोट्रॉन’ नावाच्या, माणसाहून उंच निर्वात नळीत तयार होतात. घरातला मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण एक किलोवॉटचा असतो. एक गायरोट्रॉन असे हजार ओव्हन एकत्र केल्याइतकी शक्ती एका बारीक झोतात देतो. हा झोत नळीतून बाहेर पडायला खिडकी हवी, पण काच असती तर तडकली असती. म्हणून कृत्रिम हिऱ्याची चकती बसवतात. हिरा या लहरी फारच कमी शोषतो आणि शोषलेली उष्णता झटकन कडेला वाहून नेतो. लहरीचा ताल आणि चुंबकीय क्षेत्र जिथे जुळेल, नेमक्या त्याच जागी ऊर्जा उतरते. त्यामुळे गायरोट्रॉन हे तापवण्याबरोबरच प्लाझ्मातली एखादी गडबड जागच्या जागी दुरुस्त करण्याचेही साधन ठरते.

न्यूट्रॉन दिसले म्हणजे संमीलन झाले?

हा प्रश्न १९५८ मध्ये ब्रिटनला फार महागात पडला. त्याआधी ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हातील संयुक्त राष्ट्रांच्या अणुऊर्जा परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलताना डॉ. होमी भाभा यांनी पुढच्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रित करता येईल, असे भाकीत केले होते. जगभर उत्सुकता ताणली गेली होती. अशात ब्रिटनमधील हारवेलच्या ‘झीटा’ या यंत्रात ड्युटेरियमचा प्लाझ्मा तापवताना न्यूट्रॉन टिपले गेले. संमीलनात न्यूट्रॉन बाहेर पडतात हे माहीत होते. जानेवारी १९५८ मध्ये पत्रकार परिषद झाली. नोबेलविजेते सर जॉन कॉक्रॉफ्ट यांनी हे न्यूट्रॉन संमीलनाचेच असल्याची ९० टक्के खात्री दिली. वृत्तपत्रांनी समुद्राच्या पाण्यातून अमर्याद वीज मिळणार, असे मथळे दिले.

न्यूट्रॉन खरे होते, त्यांचा अर्थ चुकला होता. उष्णतेमुळे संमीलन झाले असेल तर कण सर्व दिशांनी सैरावैरा धावत असतात आणि न्यूट्रॉनही सर्व दिशांना सारख्याच ऊर्जेने बाहेर पडतात. झीटामध्ये तसे नव्हते. एका दिशेच्या न्यूट्रॉनांची ऊर्जा जास्त भरत होती. म्हणजे प्लाझ्मातील अस्थिरतेमुळे थोडेसे कण एका दिशेला जोरात फेकले जात होते आणि त्यांच्या धडकेतून न्यूट्रॉन निघत होते. बाकीचा प्लाझ्मा त्या मानाने थंडच होता. मे महिन्यात दावा मागे घेण्यात आला. न्यूट्रॉन किती, याइतकेच ते कोणत्या दिशेने आणि किती ऊर्जेने आले हेही मोजावे लागते, हा धडा मात्र कायमचा राहिला.

दहा वर्षांनी नेमका उलटा प्रसंग आला. मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेतील ‘टी-३’ या टोकामॅकमध्ये सुमारे एक कोटी अंश तापमान गाठल्याचा दावा सोव्हिएत शास्त्रज्ञांनी केला आणि पाश्चात्त्यांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. मग शीतयुद्ध ऐन भरात असताना ब्रिटनच्या कल्हॅम प्रयोगशाळेतील पथक आपली लेसर यंत्रणा घेऊन मॉस्कोला गेले. प्लाझ्मावर एकाच शुद्ध रंगाचा लेसर सोडायचा. धावत्या इलेक्ट्रॉनांवरून परतणारा प्रकाश थोडा निळसर, थोडा लालसर होतो. रंगांचा हा पसारा जितका रुंद, तितके इलेक्ट्रॉन वेगवान, म्हणजेच तापमान जास्त. रशियनांचा आकडा बरोबर निघाला. १९६९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या शास्त्रज्ञांनी आपले जुने यंत्र बदलून त्याचाच टोकामॅक केला. आज बहुतेक मोठी यंत्रे टोकामॅक पद्धतीची आहेत, त्यामागे या मोजणीचा हात आहे.

न्यूट्रॉनची मोजदाद कशी होते?

ड्युटेरियम-ट्रिटियमच्या प्रत्येक संमीलनातून एक हेलियम केंद्रक आणि एक न्यूट्रॉन निघतो. ऊर्जेचा ८० टक्के वाटा न्यूट्रॉनकडे जातो. म्हणून न्यूट्रॉन मोजले की किती ऊर्जा निर्माण झाली ते कळते. एक मेगावॉट म्हणजे सेकंदाला ३५ वर १६ शून्ये इतके न्यूट्रॉन. ते प्रभारित नसल्यामुळे कोणत्याही तारेत थेट प्रवाह निर्माण करत नाहीत. ‘फिशन चेंबर’मध्ये युरेनियमचा पातळ लेप असतो. न्यूट्रॉनने त्यातला अणू फोडला की त्याचे प्रभारित तुकडे आतल्या वायूत ठिणगीसारखी नाडी उमटवतात. इथेही कृत्रिम हिरा पुन्हा कामाला येतो. हिऱ्याचे छोटे शोधक न्यूट्रॉनची ऊर्जाही सांगतात.

पण मोजणाऱ्या उपकरणालाच कोण तपासणार? ऑक्सफर्डजवळच्या ‘जेट’ या यंत्रात यासाठी रोबोच्या हातात ज्ञात क्षमतेचा न्यूट्रॉनस्रोत देऊन तो पोकळीत जागोजागी फिरवण्यात आला आणि भोवतालचे शोधक काय आकडे दाखवतात ते नोंदवले गेले. एवढ्या खटाटोपाचे उद्दिष्ट काय, तर मोजणीतली चूक दहा टक्क्यांच्या आत ठेवणे. याच जेटने ऑक्टोबर २०२३ मध्ये अवघ्या ०.२ मिलिग्रॅम इंधनातून ६९ मेगाज्यूल ऊर्जा निर्माण केली, हा आकडा अशा मोजणीमुळेच स्वीकारला गेला.

आकड्यांत आणखी एक मेख असते. १९९७ मध्ये जेटने २४ मेगावॉट उष्णता देऊन १६ मेगावॉट मिळवले. ईटरला ५० मेगावॉट देऊन ५०० मिळवायचे आहेत. यातले ‘देणे’ म्हणजे फक्त प्लाझ्मात पोहोचलेली उष्णता. गायरोट्रॉनला पुरवलेल्या विजेपैकी जेमतेम निम्मी लहरींत उतरते आणि झोतयंत्राचा हिशेब तर याहून तोट्याचा आहे. ‘दहापट ऊर्जा’ वाचताना ही गाळलेली बाजू सहसा दिसत नाही.

भारत यात काय बनवतो आहे?

ईटरच्या सात भागीदारांत भारताचा वाटा सुमारे नऊ टक्के आहे आणि तो मुख्यतः वस्तूंच्या रूपात आहे. संपूर्ण यंत्राला कवेत घेणारे, जवळपास ३० मीटर उंचीचे निर्वात पात्र, अर्थात ‘क्रायोस्टॅट’, लार्सन अँड टुब्रोने गुजरातमधील हजिरा येथे बनवले, त्याची बातमी गाजली. रेडिओ लहरींचे ते २५ लाख वॉटचे स्रोत आणि दोन गायरोट्रॉन यांची जबाबदारी मात्र फारशी चर्चेत नसते. हे काम गांधीनगरजवळच्या भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेच्या अखत्यारीतील ‘ईटर-इंडिया’ पाहते. ‘आदित्य’ हा भारताचा पहिला टोकामॅकही याच संस्थेत १९८९ मध्ये सुरू झाला.

यातले सर्वात विलक्षण उपकरण म्हणजे ‘निदान झोत’. रचनेने ते तापवणाऱ्या झोताचेच भावंड, काम मात्र मोजण्याचे. संमीलनातून निघालेले हेलियम ही एक प्रकारची राख. चुलीत राख साठली की जाळ मंदावतो, तसेच इथे होते. पण १५ कोटी अंशांच्या गाभ्यात किती हेलियम साठले ते कळणार कसे? सुट्या केंद्रकांकडे इलेक्ट्रॉनच नसल्याने ती प्रकाश देत नाहीत. म्हणून एक लाख व्होल्टने वेग दिलेला हायड्रोजनचा तटस्थ झोत आत सोडायचा. वाटेत भेटलेले हेलियम त्याच्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावते आणि क्षणभर विशिष्ट रंगाचा प्रकाश देते. प्रकाशाच्या तीव्रतेवरून राख किती ते समजते, रंगाच्या पसाऱ्यावरून तापमान. आयनस्रोतापासून प्लाझ्मापर्यंत झोताला सुमारे २० मीटर अंतर कापायचे आहे आणि ६० अँपिअरच्या ऋण आयनप्रवाहापैकी साधारण एक तृतीयांशच तटस्थ होऊन आत पोहोचेल. त्याच्या चाचणीसाठी भाटमध्ये स्वतंत्र यंत्रणा उभारण्यात आली आहे.

वेळापत्रक का लांबले, उपकरणांवर काय परिणाम?

जुलै २०२४ मध्ये ईटरने सुधारित आराखडा जाहीर केला. त्यानुसार संशोधन २०३४ मध्ये, तर ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये सुरू होतील. आधीचे उद्दिष्ट अनुक्रमे २०२५ आणि २०३५ होते. आतली भिंत बेरिलियमऐवजी टंगस्टनची करण्याचे ठरले आहे. टंगस्टन चिवट आहे, पण त्याचे मोजके अणू जरी गाभ्यात शिरले तरी ते प्रकाशरूपाने उष्णता बाहेर फेकतात आणि प्लाझ्मा थंड पडतो. त्यांना गाभ्याबाहेर रेटण्यासाठी नेमक्या जागी उष्णता द्यावी लागते, आणि ते काम गायरोट्रॉन सर्वात चांगले करतो. म्हणून नव्या आराखड्यात गायरोट्रॉनांची संख्या वाढवण्यात आली आहे.

टिपणाऱ्या उपकरणांपुढचे संकट वेगळे आहे. पूर्ण शक्तीवर ईटरमधून निघणारे न्यूट्रॉन काचेची भिंगे काळवंडवतील आणि केबलींमध्ये खोटे संदेश निर्माण करतील. म्हणून प्लाझ्माकडे थेट पाहायला भिंगांऐवजी धातूचे आरसे असतील. त्या आरशांवर भिंतीतून उडालेल्या धातूची पुटे चढतात, म्हणून ते जागच्या जागी स्वच्छ करण्याची सोयही करावी लागते आहे. ट्रिटियमचे प्रयोग सुरू झाल्यावर आत माणूस पाठवता येणार नाही. उपकरणांची जी काही दुरुस्ती होईल ती रोबोच्या हातांनीच.