शंटिंग एंजिन, डीझेल
यार्डात डबे व वाघिणी जोडणे, सोडविणे आणि एका रुळावरून दुसऱ्यावर नेणे यांसाठी वापरण्यात येणारे मंदगती एंजिन. या कामात वेगापेक्षा ओढशक्ती महत्त्वाची असते. वाफेच्या एंजिनात काम नसतानाही विस्तव राखावा लागे आणि कोळसा-पाण्यासाठी ते वरचेवर थांबवावे लागे. डीझेल एंजिन दीर्घकाळ सलग चालू शकते. इंग्लंडमध्ये लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेने १९३० नंतरच्या दशकात त्याच्या चाचण्या घेतल्या, सु. ३५० अश्वशक्तीचे सहाचाकी एंजिन तेथे रूढ झाले.

मुंबईत १९२५ मध्ये कुर्ल्यापर्यंत विद्युत् गाडी सुरू झाली; तथापि यार्डातील प्रत्येक रुळावर विद्युत् तार नसल्याने स्वयंपूर्ण एंजिनाची गरज राहिली. टर्मिनसवर रिकामी झालेली गाडी वाडीबंदर यार्डात नेणे, हे त्याचे नमुनेदार काम होय. परळच्या रेल्वे कारखान्यात पुढे डब्ल्यूडीएस-६ जातीच्या एंजिनांची बांधणीही झाली.

शंटिंगचा वेग सामान्यतः ताशी १५ किमी.पर्यंत, तर स्फोटक मालासाठी ८ किमी.पर्यंत मर्यादित असतो. चालक शंटिंग कर्मचाऱ्याच्या हातखुणांनुसार एंजिन चालवितो. खूण दिसेनाशी होताच ते थांबवितो. जोडणीसाठी कर्मचारी दोन डब्यांच्या मध्ये शिरलेला असताना एंजिन हलविता येत नाही. त्याची सुरक्षितता यंत्रापेक्षा या शिस्तीवरच अवलंबून असते.