टोळ्या परतल्या की आमचं वर्ष सुरू होतं

चर्च म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढं मुंबईतलं किंवा गोव्यातलं उंच मनोऱ्याचं देखणं मंदिर उभं राहतं. मी आज ज्या चर्चविषयी बोलणार आहे, ते तसं नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेकडं, शेवगाव-पाथर्डीच्या कोरडवाहू पट्ट्यात आमचं छोटंसं गाव आहे. गावाच्या कडेला दगडी भिंतींची, पत्र्याच्या छपराची एक खोली आहे. तिच्यावर क्रूस आहे आणि दाराशी लिंबाला टांगलेली घंटा आहे. एवढंच आमचं मंदिर. तिथं जमणाऱ्या माणसांना आम्ही ‘मंडळी’ म्हणतो. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी या मंडळीचा सेक्रेटरी आहे. हजेरीची वही आणि जमाखर्च या दोन्ही गोष्टी माझ्याकडं असतात. त्या वहीच्या आधारानंच आमचं एक वर्ष तुम्हाला सांगतो.

थोडी मागची हकिकत सांगायला हवी. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू केलं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये तिथूनच निघालं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः दुष्काळाच्या वर्षांत, जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ख्रिस्ती झाली. त्यांतली बहुतेक गावकुसाबाहेरची होती. गावोगाव मिशनच्या शाळा निघाल्या. एकच खोली आठवडाभर शाळा असायची आणि रविवारी उपासनामंदिर. माझे वडील अशाच शाळेत मास्तर होते. शुक्रवारी पाढे आणि रविवारी प्रवचन, दोन्ही त्याच फळ्यापुढं. पुढं २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात निरनिराळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालं. आमची मंडळीही तेव्हापासून त्यात आहे.

आमची उपासना ऐकली तर तुम्हाला ती परकी वाटणार नाही. पेटी, तबला, टाळ, डफ हीच आमची वाद्यं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, पदं, भजनं यांचा जो ठेवा दिला, तो आमच्या आयाबायांना तोंडपाठ आहे. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही पन्नास-साठ गीतं यावीत, यात आमच्याकडं कुणाला नवल वाटत नाही.

आता वर्षाकडं येतो. चर्चच्या पंचांगात वर्ष सुरू होतं ते नाताळाआधीच्या चार रविवारांपासून, म्हणजे आगमनकाळापासून. सरकारी वर्ष १ एप्रिलला आणि कॅलेंडर १ जानेवारीला. आमच्या मंडळीचं वर्ष मात्र ऊसतोडीच्या टोळ्या गावात परततात त्या दिवशी सुरू होतं. आमच्या गावातली निम्म्याहून अधिक कर्ती माणसं ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोयत्यावर जातात, ती कारखान्यांचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये घरी येतात. ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दोघांच्या नावावर मिळते आणि फिटते ती दोघांच्याही अंगावर.

म्हणूनच ईस्टर कधी येतो, याकडं आमचं बारीक लक्ष असतं. नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरला ठरलेला. ईस्टर मात्र चंद्रावर चालतो. इसवी सन ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेत हा सण सर्वांनी एकाच दिवशी पाळावा असं ठरलं. पुढं रूढ झालेला नियम असा, की २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार हा ईस्टरचा. ही पौर्णिमा चर्चच्या स्वतःच्या कोष्टकावरून काढतात आणि ती रविवारीच आली तर सण एक आठवडा पुढं जातो. त्यामुळं ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतो. आपल्या भाषेत सांगायचं तर कधी होळीच्या पौर्णिमेला धरून येतो, कधी चैत्री पौर्णिमेला. २०२४ मध्ये तो होळीनंतर बरोबर एका आठवड्यानं, ३१ मार्चला आला. निम्म्या टोळ्या अजून उसातच होत्या. मंदिरात म्हातारी माणसं आणि पोरं.

२०२५ चं वर्ष वेगळं होतं. ईस्टर २० एप्रिलला होता. गाव भरलेलं होतं. १२ एप्रिलला हनुमान जयंती, १३ ला आमचा झावळ्यांचा रविवार आणि १४ ला आंबेडकर जयंती, असे तीन दिवस लागून आले. आमच्याकडं नारळाची झाडं नाहीत. पोरं ओढ्यातून शिंदीची पानं आणतात. ती हातात घेऊन आमची मिरवणूक निघाली तेव्हा पारावर आदल्या दिवशीचं तोरण तसंच होतं आणि चौकात दुसऱ्या दिवशीच्या कमानीसाठी बांबू रोवणं चाललं होतं. १९५६ नंतर आमच्या भावकीतली बरीच घरं बौद्ध झाली. त्यामुळं कमान बांधणारे माझे चुलतभाऊच होते. त्यांनी बांबू बाजूला घेऊन मिरवणुकीला वाट करून दिली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या पोरांनी त्यांच्या मिरवणुकीत पाणी वाटलं.

त्याच आठवड्यात गुड फ्रायडे आला. दुपारी बारा ते तीन प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पाळक एकच असतात आणि त्यांच्याकडं पाच-सहा गावं. म्हणून उरलेले उद्गार आम्ही वाटून घेतो. ‘मला तहान लागली आहे’ हा उद्गार त्या वर्षी एका ऊसतोड्या तरुणानं घेतला. तो चारच मिनिटं बोलला. फडात दुपारी पाण्याची कळशी लांब राहते तेव्हा काय होतं, एवढंच त्यानं सांगितलं. तसं प्रवचन मी शिकल्यासवरल्या माणसाकडूनही ऐकलेलं नाही. ईस्टरला पहाटे चारला प्रभातफेरी निघाली आणि उजाडता उजाडता उपासना झाली.

एप्रिल-मे हे आमचे धावपळीचे महिने. माणसं घरी असतात, हातात थोडा पैसा असतो. लग्नं, बाप्तिस्मे, राहिलेल्या स्मरणप्रार्थना, सगळं याच दिवसांत उरकायचं. पाळकसाहेब मोटारसायकलवरून येतात ते एका दिवसात दोन गावांत लग्न लावून परततात. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांची शब्बाथ शाळा रोज भरते.

जूनमध्ये पावसासाठी प्रार्थना होते. बियाण्याची मूठ वेदीपुढं ठेवायची आणि मग पेरायला जायचं, ही जुनी चाल अजून टिकून आहे. पाऊस आला की हजेरी घसरते. रविवार असला तरी वाफसा थांबत नाही. याबद्दल कुणी कुणाला बोलत नाही. जुलै-ऑगस्टात पत्रा गळतो तेवढ्या जागा सोडून आम्ही बसतो.

बाजरी निघाली की हंगामाचा सण. हा आमचा सगळ्यांत गोड दिवस. शेतात जे पिकलं त्यातला पहिला वाटा मंदिरात यायचा. बाजरीची कणसं, तुरीचा डहाळा, भोपळा, अंडी, कोंबडी, कुणाकडं शेत नसेल तर केरसुणी. उपासना झाल्यावर अंगणात लिलाव. भोपळा एकजण बोली लावून घेतो आणि पुन्हा मंडळीलाच देतो, की परत बोली. असा एकच भोपळा तीन-चारदा विकला जातो. गावातले इतर धर्मांचे शेजारीही बोली लावायला येतात. गंमत खरी; पण पाळकांच्या पगारातला आमचा हिस्सा बहुतेक याच लिलावातून भरला जातो.

दसरा-दिवाळी झाली की मुकादमांच्या गाड्या लागतात. ट्रॅक्टरमध्ये भांडी, बाजरीचं पोतं, शेळी आणि पोरं चढतात. मंडळीची माणसं ज्या दिवशी निघणार, त्या पहाटे घंटा होते. पाच मिनिटांची प्रार्थना आणि सगळ्यांना सलाम. मग गाव मोकळं होतं. नोव्हेंबरच्या पानावर माझ्या वहीत कधी चौदा नावं असतात, कधी अकरा.

याच अकरा नावांवरून गेल्या काही वर्षांत आमच्या पंच कमिटीत वाद होता. नोव्हेंबर ते मार्च मंदिर बंद ठेवावं, राहिलेल्यांनी तालुक्याच्या मंडळीत जावं, पाळकांची एक फेरी वाचेल, असा विचार पुढं आला. तो विचार माझाच होता, हे कबूल करतो. हिशेब माझ्याकडं असल्यामुळं मला तो सरळ दिसत होता. मी अर्जही लिहून ठेवला होता. २०२४ च्या दिवाळीनंतरच्या बैठकीत तो वाचून दाखवला. सगळे गप्प. तेव्हा दाराशी बसलेल्या एक आजी बोलल्या. त्यांची दोन्ही मुलं, सुना कोयत्यावर आणि तीन नातवंडं त्यांच्याजवळ.

“गुरुजी, तुम्ही हजेरी आल्यांची मांडता. आम्ही इथं गेल्यांची मांडायला येतो.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. या पाच महिन्यांत आमच्या उपासनेत एक प्रघात आहे. मध्यस्थीच्या प्रार्थनेत बाहेर गेलेल्या प्रत्येकाचं नाव घेतलं जातं. नाव, आणि कुठल्या कारखान्याकडं गेला ते. मी ते दर रविवारी वाचत होतो, पण माझ्या वहीत ते कुठंच नव्हतं. अकरा माणसं बसून साठ जणांची नावं घेत होती. तालुक्याच्या मंडळीत ती नावं कोण घेणार होतं? आजोळी राहिलेल्या त्या पोरांना आई-बापाचं नाव मोठ्यानं ऐकायची आठवड्यातली ही एकच जागा होती.

मी अर्ज खिशात घातला. मंदिर चालू राहिलं. पाळकांची फेरी मात्र खरोखरच परवडत नव्हती. तेव्हा ठरलं, की त्या पाच महिन्यांत पाळक महिन्यातून एकदाच प्रभुभोजनाला येतील. बाकीचे रविवार आम्ही आळीपाळीनं चालवू.

त्या नाताळात आणखी एक गोष्ट केली. गाळप चालू असलं की कारखाना नाताळासाठी थांबत नाही. म्हणून २५ डिसेंबरला सकाळची उपासना आटोपून आम्ही एक टेम्पो केला, पेटी-तबला घेतला, मुलांना बसवलं आणि प्रवरेकाठी आमच्या लोकांच्या कोप्यांवर गेलो. दिवस मावळता मावळता माणसं फडातून परतत होती. गीतं झाली, करंज्या वाटल्या. बीडकडच्या टोळीतली वारकरी मंडळीही टाळ घेऊन येऊन बसली. तासाभरात गाडी भरायची हाक आली आणि सगळे उठले. मुलं मात्र त्या रात्री आईजवळ झोपली.

जानेवारीत प्रार्थना सप्ताह होतो. मग ज्वारीची काढणी आणि ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ. असं आमचं वर्ष पुन्हा फिरून जागेवर येतं. पत्रा अजून बदलायचा आहे. पाळकांचा हिस्सा दरवर्षी काठावर भरतो. मुलं शिकून पुण्याकडं जातात, ती परत येतील असं मी म्हणत नाही. पुढच्या वीस वर्षांचा भरवसा मला कुणी विचारला, तर माझ्याकडं उत्तर नाही.

पण वहीत मी एक बदल केला आहे. पानाच्या मधोमध रेघ मारली आहे. डावीकडं आलेल्यांची नावं आणि उजवीकडं गेलेल्यांची. एखादी टोळी परतली, की उजवीकडचं नाव खोडून डावीकडं लिहायचं. हे काम मी आता त्या आजींच्या थोरल्या नातवाकडं दिलं आहे. त्याचं अक्षर चांगलं आहे, आणि मार्च लागला की तो रोज विचारायला येतो, “गुरुजी, वही कुठाय?”

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)