चूल गेली, गॅस आला. पण सवयी बदलल्या का?

आमच्या नेवाशात पूर्वी दिवस उगवायच्या आत घराघरांवर धूर दिसे. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, उसाचे पाचट, जे मिळेल ते चुलीत जाई. डोळे चुरचुरत, भांडी काळी होत आणि सरपणाचा भारा डोक्यावर आणता आणता आयाबायांची मान मोडे. आज अंघोळीच्या पाण्यासाठी अंगणात चूल पेटते, पण स्वयंपाकाला बहुतेक घरांत गॅसची शेगडी आहे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून उज्ज्वला योजना सुरू झाली आणि मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबांतही गॅसची टाकी आली. ही चांगलीच गोष्ट झाली. आमच्या माता-भगिनींची धुरातून सुटका झाली.

पण गॅस घरात आला तरी हाताला सवय राहिली ती चुलीची. आमच्या घरी पहिल्यांदा गॅस आला तेव्हा आजीने शेगडी जमिनीवरच मांडायला लावली. बसून भाकरी थापायची सवय, उभ्याने स्वयंपाक तिला कसा जमणार? शेगडीला खेटून टाकी, टाकीवर वाळत घातलेले फडके आणि शेजारीच रात्रीची अंथरुणे. वर्षभर आम्ही तसेच वावरलो. एका पहाटे आई चहाला उठली तेव्हा घरात उग्र वास भरला होता. रात्री दूध उतू जाऊन ज्योत विझली होती, शेगडीचे बटण थोडे उघडेच राहिले होते. आईने सवयीने दिव्याच्या बटणाकडे हात नेला. वडील अंथरुणातूनच ओरडले, "बोर्डाला हात लावू नको!" तो हात तिथेच थांबला म्हणून आज आम्ही हे लिहीत आहोत.

चुलीचा विस्तव डोळ्यांना दिसतो. तो विझला की धोका संपतो. गॅसचे नेमके उलटे आहे. ज्योत विझली आणि गॅस चालू राहिला की खरा धोका सुरू होतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ही एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने मनात पक्की करावी. पुढचे सारे नियम त्यातूनच निघतात.

टाकीत असते तरी काय?

घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. तो दाबाखाली द्रवरूपात भरलेला असतो. बाहेर येताच त्याचा वायू होतो आणि तो मूळच्या सुमारे अडीचशे पट जागा व्यापतो. म्हणून थोडी गळतीही लहान खोलीला पुरेशी होते. खोलीतल्या हवेत हा गॅस सुमारे दोन टक्के झाला की एका ठिणगीने भडका उडू शकतो.

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. धुरासारखा तो वर जात नाही. पाण्यासारखा खाली बसतो, जमिनीवरून पसरतो, कोपऱ्यात आणि खाटेखाली साचतो. धूर जाण्यासाठी आपण वर धुराडे ठेवत होतो. गॅससाठी वरचा झरोका पुरत नाही. दार उघडावे लागते, खालून हवा खेळावी लागते. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. तो वास म्हणजे धोक्याची हाक समजा. सर्दीने नाक बंद असेल तर घरातल्या दुसऱ्याला विचारा.

जागा कशी असावी?

टाकी नेहमी उभी आणि सपाट जागेवर ठेवावी. गॅस संपत आला म्हणून ती आडवी पाडणे, हलवणे, गरम पाण्यात ठेवणे हे जिवाशी खेळणे आहे. शेगडी टाकीपेक्षा उंचावर हवी. ओटा नसेल तर मजबूत टेबलावर शहाबादी फरशी टाकून त्यावर शेगडी मांडावी. आजीला उभे राहणे जमत नसेल तर उंच स्टूल द्यावे, पण शेगडी जमिनीवर मांडू नये. टाकी बंद फडताळात किंवा खड्ड्यात ठेवू नये. शेगडीच्या मागे पडदा, डोक्यावर कपड्यांची दोरी, जवळ रॉकेलचा डबा, हे काही नको. मसाल्याचे डबे शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवू नका. ते घेताना पदर ज्योतीवरून जातो.

आमच्या पुष्कळ घरांत एकच खोली असते. तीच स्वयंपाकाची, तीच झोपायची. अशा घरात टाकी दाराजवळच्या बाजूला ठेवावी, अंथरुणे दुसऱ्या टोकाला घालावीत आणि झोपण्यापूर्वी शेगडीची बटणे तर बंद करावीतच, शिवाय रेग्युलेटरही बंद करावा. डिसेंबर २०२४ मध्ये कर्नाटकातील हुबळी येथे एका लहान खोलीत झोपलेले नऊ जण टाकीतून गळलेला गॅस पेटून भाजले. त्यांपैकी आठ जण दगावले. रात्री रेग्युलेटर बंद करायला दोन सेकंदही लागत नाहीत.

याच खोलीत आपल्या घरी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती, अगरबत्ती लावली जाते. वंदना जरूर करावी, पण प्रतिमा शेगडीपासून दूरच्या भिंतीवर असावी. मेणबत्ती जळती ठेवून कोणी झोपू नये, बाहेरही जाऊ नये. आणि मेणबत्ती लावण्यापूर्वी क्षणभर वास घेऊन पाहावा.

टाकी घेताना

टाकी आणणारा भाऊ घाईत असतो, पण आपण घाई करू नये. सील शाबूत आहे का पाहा आणि वजन करून मागा. टाकीच्या गळ्याभोवती उभ्या लोखंडी पट्ट्या असतात. त्यांपैकी एकीवर आतल्या बाजूने ए, बी, सी, डी यांपैकी एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर आणि डी डिसेंबरअखेर. सी-२८ लिहिले असेल तर ती टाकी सप्टेंबर २०२८ अखेरपर्यंत तपासणीच्या मुदतीत आहे. मुदत उलटलेली टाकी परत करा. मुलगा किंवा मुलगी शाळेत जात असेल तर हे वाचायचे काम तिच्याकडे द्या. ती आनंदाने करील.

झाकण काढून आतला रबरी वायसर जागेवर आहे का पाहावे. दोरीला बांधलेले ते झाकण फेकून देऊ नये. अडीअडचणीला टाकीचे तोंड बंद करायला तेच कामी येते.

टाकी बदलताना घरात विस्तव नको. चूल, मेणबत्ती, अगरबत्ती, विडी सगळे विझवा. आधी शेगडीची बटणे बंद, मग रेग्युलेटर बंद, मग टाकी बदला. जोडून झाले की साबणाचा फेस करून तो रेग्युलेटरच्या आणि नळीच्या सांध्यांवर लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती पाहणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. असे धाडस कधीही करू नये.

भेंड्याला आणि सोनईला साखर कारखाने आहेत. तिथे हंगामात येणारी ऊसतोडीची कुटुंबे लहान टाकी वापरतात. पाच किलोची टाकी कंपनीच्या अधिकृत दुकानातून मिळते. मोठ्या टाकीतून लहान टाकीत गॅस भरून देणाऱ्याकडे जाऊ नका. तो धंदा बेकायदा आहेच, शिवाय भरताना गळणारा गॅस दुकानासकट पेटू शकतो.

नळी आणि शेगडी

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते नळीकडे. साधी हिरवी रबरी नळी स्वस्त पडते, पण ती लवकर कडक होऊन तडकते. नारिंगी रंगाची सुरक्षा नळी घ्यावी. तिच्या आत पोलादी तार विणलेली असते. आयएसआय चिन्ह पाहावे आणि नळीवरची तारीख वाचावी. चांगली दिसली तरी पाच वर्षांनी ती बदलावी. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये जोड नको, ती बर्नरखालून किंवा शेगडीला चिकटून जायला नको. दिसायला बरी म्हणून तिच्यावर कापडी खोळ घालू नका. खोळीखालची चीर दिसत नाही. ज्या घरात धान्याची पोती असतात तिथे उंदीर असतात, आणि उंदीर नळी कुरतडतात. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने नळी पुसताना तिच्यावरून बोटे फिरवून पाहावे.

शेगडीची ज्योत निळी हवी. ती पिवळी झाली आणि भांड्याचे बूड काळे होऊ लागले तर बर्नरची भोके बुजली आहेत असे समजा. त्यात गॅसही वाया जातो आणि पैसाही. शेगडी गार झाल्यावर बर्नरच्या टोप्या काढून जुन्या दातांच्या ब्रशाने साबणपाण्याने घासाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच बसवाव्यात. त्याच्या आतले बारीक छिद्र सुईने टोकरू नये. ते मोठे झाले की ज्योत बिघडते. ते काम एजन्सीच्या मेकॅनिकचे. बटण घट्ट फिरत असेल, सैल झाले असेल, तर घरच्या घरी पकड लावू नका.

पेटवताना आधी काडी ओढावी, मग बटण फिरवावे. लायटर असेल तर तो बर्नरजवळ धरून मगच बटण उघडावे. चुलीसारखे आधी उघडून मग काडेपेटी शोधत बसले की तेवढ्यात गॅस पसरतो. पदर खोचून घ्यावा, ओढणी बांधावी, झुळझुळीत नायलॉनची साडी नेसून शेगडीपुढे उभे राहू नये. दूध ठेवून शेजारणीशी बोलायला जाऊ नये. कढईतले तेल पेटले तर पाणी ओतू नका. बटण बंद करून कढईवर झाकण ठेवा.

वास आला तर

- दिवा, पंखा यांचे बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. दोन्ही वेळी ठिणगी पडते.
- शेगडीची बटणे आणि रेग्युलेटर बंद करा. जळती अगरबत्ती, मेणबत्ती विझवा.
- दारे-खिडक्या सताड उघडा. मुले, म्हातारी माणसे यांना आधी बाहेर काढा.
- तरीही वास राहिला तर रेग्युलेटर काढून टाकीला झाकण लावा आणि टाकी मोकळ्या जागी न्या.
- फोन बाहेर येऊन करा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो.

नळी किंवा शेगडी पेटली आणि हात पोहोचत असेल, तर हाताला ओले फडके गुंडाळून रेग्युलेटर बंद करा. पोहोचत नसेल तर संसार वाचवायला थांबू नका. सर्वांना बाहेर काढा आणि १०१ वर अग्निशामक दलाला कळवा.

अंगावरचे कपडे पेटले तर पळू नये. पळण्याने आग वाढते. जमिनीवर लोळावे, दुसऱ्याने गोधडी किंवा जाड चादर गुंडाळावी. भाजलेल्या जागी वीस मिनिटे वाहते गार पाणी घालावे. हळद, तूप, शाई, टूथपेस्ट यांतले काही लावू नये. चिकटलेला कपडा ओढून काढू नये. १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा.

समारंभात विशेष दक्षता

१४ एप्रिलला, वैशाख पौर्णिमेला वस्तीत खीरदान होते. लग्नातही मोठ्या टाक्या लावल्या जातात. ८ डिसेंबर २०२२ रोजी राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात भुंगरा गावच्या लग्नघरी टाकीतून गळलेला गॅस पेटला आणि तीसहून अधिक माणसे गेली. म्हणून मोठ्या शेगड्या मांडवाबाहेर उघड्यावर लावा. भरलेल्या जादा टाक्या वऱ्हाडी बसतात तिथे ठेवू नका. पाण्याची पिंपे, ओली पोती आणि वाळूच्या बादल्या जवळ ठेवा. मंडळाच्या दोन जाणत्या तरुणांना केवळ तेवढ्याच कामासाठी उभे करा.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. अधिकृत जोडणी असलेल्या घरी गॅसमुळे अपघात झाला तर तेल कंपन्यांनी उतरवलेला विमा असतो. त्याचा वेगळा हप्ता ग्राहकाला भरावा लागत नाही. मृत्यू ओढवल्यास माणशी ६ लाख रुपयांपर्यंत भरपाईची त्यात तरतूद आहे, जखमींच्या उपचारांचीही आहे. मात्र अपघाताची माहिती एजन्सीला ताबडतोब लेखी द्यावी, पोलिसांत नोंद करावी, उपचारांची बिले जपून ठेवावीत. गॅसचे पुस्तक घरात सापडेल असे असावे.

शेवटी घरातल्या पुरुषांना सांगायचे आहे. "स्वयंपाकघर बायकांचे, आम्हाला त्यातले काय कळते?" असे म्हणून चालणार नाही. टाकी फुटली तर ती बाई-पुरुष पाहत नाही. रेग्युलेटर कसा बंद करायचा हे घरातल्या कर्त्या पुरुषाला, आजी-आजोबांना आणि जाणत्या मुलांना आलेच पाहिजे. आज संध्याकाळी सर्वांना टाकीभोवती बसवा, एकेकाला ते बटण बंद-चालू करायला लावा आणि नळीवरची तारीख मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. आमच्या आईचा हात त्या पहाटे थांबला, कारण घरात एकाला तरी ते माहीत होते. तुमच्या घरात ते सर्वांना माहीत असू द्या.