नौकेचा एंजिन-कक्ष तापक

नौकेच्या एंजिन-कक्षातील तापमान हिवाळ्यात पाण्याच्या गोठणबिंदूच्या वर राखण्यासाठी वापरावयाचे विद्युत् साधन. उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरे व चेसापीक उपसागर, तसेच यूरोपातील बाल्टिक समुद्राचा किनारा यांसारख्या प्रदेशांत क्रीडानौका हिवाळ्यात कित्येक महिने वापराविना उभ्या असतात. या काळात एंजिनात राहिलेले पाणी गोठून त्याचे भाग फुटण्याचा धोका असतो आणि तो टाळण्यासाठी तापक बसविला जातो. तथापि पेट्रोलवर चालणाऱ्या नौकेचा बंदिस्त एंजिन-कक्ष हा स्फोटाचा संभव असलेला भाग आहे. त्यामुळे तापक किती उष्णता देतो यापेक्षा तो ठिणगी वा अतितप्त पृष्ठभाग निर्माण करतो की नाही, हा निवडीतील पहिला प्रश्न ठरतो.

गोठण्याचे परिणाम : पाण्याचे बर्फ होताना त्याचे घनफळ सु. ९ टक्क्यांनी वाढते. बंद पोकळीत या प्रसरणाला वाव नसल्यास भिंतींवर प्रचंड दाब पडतो. एंजिनाचा सिलिंडर-ठोकळा व निष्कास वायू एकत्र करणारी बहुशाखी नळी हे भाग पुष्कळदा ओतीव लोखंडाचे असतात. हा धातू ठिसूळ असल्याने ताणला न जाता तडकतो. तडा बारीक असल्यास हिवाळ्यात तो लक्षात येत नाही. वसंत ऋतूत एंजिन सुरू केल्यावर पाणी वंगणतेलात मिसळून ते दुधाळ दिसू लागते, तेव्हा बिघाड उघडकीस येतो. तोवर एंजिन बहुधा बदलावेच लागते.

ज्या एंजिनात बाहेरील पाणी थेट खेळवून शीतन केले जाते, त्यात हा धोका सर्वाधिक असतो. दुसऱ्या प्रकारात एंजिनात गोठणरोधकयुक्त पाणी बंदिस्त मार्गाने फिरते व त्यातील उष्णता उष्णता-विनिमयकामार्फत बाहेरील पाण्याला दिली जाते. या प्रकारात एंजिनाचा मुख्य ठोकळा सुरक्षित राहतो. पण विनिमयक, पंप व पुष्कळ नौकांत निष्कास नळीचे आवरण यांत बाहेरील पाणी राहतेच. सरासरी खारटपणाचे समुद्राचे पाणी सु. −१·९° से. ला गोठते. बाल्टिक समुद्राचे व चेसापीक उपसागराच्या वरच्या भागाचे पाणी मचूळ असल्याने ते ०° से. च्या जवळच गोठते.

पाण्यात उभी असलेली नौका जमिनीवर चढविलेल्या नौकेपेक्षा सावकाश थंड होते. गोड्या पाण्याची घनता ४° से. ला सर्वाधिक असते, त्यामुळे सरोवराचा पृष्ठभाग गोठला तरी खालचे पाणी द्रवरूप राहते व नौकेच्या तळाला काही उष्णता देत राहते. जमिनीवरील नौकेच्या सर्व बाजूंनी थंड वारा वाहतो आणि हा आधार तिला मिळत नाही.

पेट्रोलचे बाष्प : द्रवाच्या पृष्ठभागावर पेट घेण्याजोगे बाष्प ज्या किमान तापमानाला तयार होते, ते पेट्रोलच्या बाबतीत सु. −४३° से. इतके कमी आहे. म्हणजे कडाक्याच्या थंडीतही सांडलेले पेट्रोल सुरक्षित नसते. शीत प्रदेशांत हिवाळ्यासाठी विकले जाणारे पेट्रोल तर एंजिन सहज सुरू व्हावे म्हणून मुद्दाम अधिक बाष्पनशील केलेले असते. हवेत पेट्रोलच्या बाष्पाचे प्रमाण घनफळाने सु. १·४ ते ७·६ टक्के असताना मिश्रण पेट घेऊ शकते. या हिशोबाने १०० मिलि. पेट्रोलचे पूर्ण बाष्पीभवन झाल्यास १ घ. मी. पेक्षा अधिक हवा स्फोटक होऊ शकते. लहान नौकेचा एंजिन-कक्ष एवढाच असतो.

पेट्रोलचे बाष्प हवेच्या तीन ते चार पट जड असते. मोटारीच्या एंजिनाखाली मोकळी जागा असल्याने गळालेल्या पेट्रोलचे बाष्प विखरून जाते. नौकेत मात्र ते तळाशी साचून राहते. नौका चालविण्यापूर्वी कक्षातील हवा पंख्याने बाहेर काढण्याची रीत याच कारणाने पडली आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा पंख्याच्या नौकांवर, एंजिन सुरू करण्यापूर्वी पंखा चार मिनिटे चालवावा, अशी सूचना लावणे आवश्यक असते. हिवाळ्यात नौका महिनोन्‌महिने बंद असताना हा पंखा चालत नाही. इंधननळीचा एखादा जोड थंडीने आकुंचन पावून ठिबकू लागला, तरी ते कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा कक्षात तापक आणल्यास तो बाष्पीभवनाचा वेग वाढवितो आणि साधा असल्यास ठिणगीही पुरवितो. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून वायुवीजनाची तोंडे बुजविल्यास धोका आणखी वाढतो.

प्रज्वलन-संरक्षण : आजूबाजूचे ज्वालाग्राही मिश्रण न पेटविता काम करण्याच्या विद्युत् साधनाच्या गुणाला प्रज्वलन-संरक्षण म्हणतात. अमेरिकेत १९७१ च्या संघीय नौका सुरक्षा कायद्यानंतर पेट्रोल-नौकांच्या विद्युत् व्यवस्थेसाठी नियम करण्यात आले. त्यांनुसार पेट्रोलच्या उगमापासून अलग न केलेले विद्युत् साधन ४·२५ ते ५·२५ टक्के प्रोपेन असलेल्या हवेत ठेवून, नेमून दिलेल्या विद्युत् दाबाने व प्रवाहाने चालविले असता ते मिश्रण पेटता कामा नये. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने लहान नौकांवरील साधनांसाठी याच विषयाचे ८८४६ क्रमांकाचे मानक १९९० मध्ये प्रसिद्ध केले. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल या संस्थेच्या ऐच्छिक मानकांतही हे तत्त्व स्वीकारलेले आहे.

प्रज्वलन-संरक्षित म्हणजे जलरोधक नव्हे. पाण्यापासून संरक्षण देणारे वेष्टन बाष्पाला अडवीलच असे नाही. साधनाच्या आत मिश्रण पेटले तरी ज्वाला बाहेर येऊ नये, किंवा ठिणगी पडणारे भाग पूर्णपणे बंद असावेत, आणि बाहेरील पृष्ठभाग मिश्रण पेटविण्याइतका तापू नये, अशी या रचनेची अपेक्षा असते. ही गोष्ट बाहेरून पाहून ठरविता येत नाही. त्यामुळे साधनावर मान्य मानकानुसार परीक्षा झाल्याची खूण असणे आवश्यक असते. केवळ ‘नौकेसाठी योग्य’ असे शब्द पुरेसे नाहीत.

अयोग्य साधने : घरगुती पंखायुक्त तापकात थर्मोस्टॅटचे स्पर्शक प्रत्येक वेळी उघडताना ठिणगी पडते, तसेच तापतार लाल होईपर्यंत तापते. तेलभरित तापकाचा पृष्ठभाग तुलनेने थंड असला, तरी त्याचा थर्मोस्टॅट व खटका उघडेच असतात. शिवाय घरगुती तापक सपाट जमिनीवर ठेवण्यासाठी बनविलेले असतात. नौका हेलकावे घेताना ते कलंडून इंधननळीवर किंवा दोरखंडावर पडण्याचा संभव असतो. विद्युत् रोधाचे तापमान वाढताच रोध वाढून प्रवाह आपोआप कमी होणारे मृत्तिका-तापक अधिक सुरक्षित असले, तरी त्यांचा पंखा व खटका प्रज्वलन-संरक्षित नसल्यास तेही पेट्रोल-कक्षात वर्ज्य होत.

एंजिनाजवळ १०० वॉटचा तंतुदीप लोंबता ठेवण्याची जुनी पद्धत अनेक ठिकाणी होती. दिव्याचा तंतू सु. २,५००° से. इतका तापलेला असतो व काच फुटताच तो क्षणभर उघडा पडतो. यूरोपीय संघात २००९ पासून असे दिवे बाजारातून टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आले. त्यांच्या जागी आलेले एलईडी दिवे फारच थोडी उष्णता देत असल्याने या कामी निरुपयोगी आहेत. रॉकेल, कोळसा किंवा द्रवीकृत वायू जाळणारी शेगडी कोणत्याही बंद नौकेत ठेवणे घातक असते. उघड्या ज्योतीने बाष्प पेटते आणि अपुऱ्या हवेत ज्वलन झाल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू साचून नौकेत झोपलेल्या माणसांचा मृत्यू ओढवतो.

क्षमता व नियंत्रण : कक्ष उबदार करणे हा हेतू नसून तो ०° से. च्या थोडा वर ठेवणे एवढेच साधावयाचे असते. म्हणून आवश्यक शक्ती अपेक्षेपेक्षा कमी असते. कक्षाच्या भिंतींचे क्षेत्रफळ, त्यांतून प्रत्येक चौ. मी. ला व प्रत्येक अंशाच्या फरकाला होणारा उष्णतेचा व्यय आणि आतील व बाहेरील तापमानांतील फरक यांचा गुणाकार केल्यास स्थूल आकडा मिळतो. उदा., क्षेत्रफळ १० चौ. मी., व्यय ४ वॉट, बाहेरील तापमान −६° से. व आतील ४° से. असल्यास ४०० वॉट पुरतात. बाहेर −१६° से. झाल्यास ८०० वॉट लागतात. वाऱ्याचा जोर व फटी यांमुळे हा आकडा वाढतो. तापमानाची स्थानिक नीचतम नोंद पाहूनच तो धरावा.

थर्मोस्टॅट तापकाच्या आतच बसविलेला व प्रज्वलन-संरक्षित असावा. साधारणतः ४° से. च्या आसपास सुरू होऊन काही अंश वर बंद होणारा थर्मोस्टॅट पुरेसा असतो. विद्युत् खोबणीत खोचून वापरावयाचे स्वतंत्र तापनियंत्रक मिळतात. त्यांचे स्पर्शक संरक्षित नसल्यास ते, तसेच प्लग व तारांचे जोड, कक्षाबाहेर ठेवावे लागतात. तापक संरक्षित आणि त्याला जोडलेले नियंत्रक मात्र असंरक्षित, ही चूक सहज घडते. तापक लाकडी वा धातूच्या टेकूवर पक्का बसवावा व इंधनटाकी, नळ्या आणि ध्वनिरोधक अस्तर यांपासून निर्मात्याने सांगितलेल्या अंतरावर असावा. गरम हवा वर जात असल्याने तो शक्य तितका खाली, परंतु तळाशी साचणाऱ्या पाण्याच्या पातळीच्या वर असावा लागतो.

विद्युत् पुरवठा : नौकांवरील अनेक आगी तापकात न लागता धक्क्यावरून येणाऱ्या तारेच्या जोडात लागतात. खाऱ्या हवेने गंजलेल्या स्पर्शकांचा रोध वाढतो आणि तेथे निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२० व्होल्टवर १,५०० वॉटचा तापक १२·५ अँपिअर प्रवाह घेतो. जोडाचा रोध ०·१ ओहम असल्यास तेवढ्या जागेत सु. १६ वॉट उष्णता अखंड साचते व प्लॅस्टिक वितळू लागते. त्याच जोडातून ४०० वॉटच्या तापकाचा ३·३ अँपिअर प्रवाह गेल्यास हीच उष्णता सु. १ वॉट असते. गरजेपुरताच तापक निवडण्याचे हे दुसरे कारण होय. घरगुती लांबवणीची तार न वापरता नौकांसाठीची जाड तार व घट्ट बसणारे जोड वापरावेत. गळती प्रवाह ३० मिलिअँपिअरच्या वर जाताच पुरवठा तोडणारी यंत्रणाही असावी. गोड्या पाण्यात असा प्रवाह उतरल्यास जवळ पोहणारा माणूस स्नायू आखडून बुडू शकतो.

डीझेल-नौका : डीझेलपासून पेट घेण्याजोगे बाष्प साधारणपणे ५२° ते ५५° से. वा त्याहून अधिक तापमानाला तयार होते. म्हणून केवळ डीझेल असलेल्या कक्षात प्रज्वलन-संरक्षण सक्तीचे नसते. परंतु त्याच कक्षात पेट्रोलवरील विद्युत् जनित्र, पेट्रोलचा सुटा डबा किंवा स्वयंपाकाच्या वायूची नळी असल्यास ही सवलत लागू होत नाही. भारित होत असलेल्या शिसे-अम्ल बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो व तो हवेत ४ टक्के होताच पेट घेऊ शकतो. म्हणून डीझेल-नौकेतही संरक्षित तापकच घेणे शहाणपणाचे ठरते.

मर्यादा : तापक वीज असेपर्यंतच रक्षण करतो आणि वीज बहुधा ज्या वादळात जाते त्याच वादळात थंडी सर्वांत तीव्र असते. अमेरिकेतील टेक्सस राज्यात फेब्रुवारी २०२१ मधील शीत लाटेत ४५ लाखांहून अधिक घरे व व्यवसाय विजेवाचून राहिले. ०° से. ला आलेले १० लि. पाणी पूर्ण गोठताना सु. ३,३४० किलोजूल उष्णता बाहेर टाकते. वरील उदाहरणातील कक्षात ती सु. चार तासांत निघून जाते. म्हणजे एका रात्रीचा खंडही एंजिन फोडण्यास पुरेसा होतो. थंडी क्वचितच पडणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांत मालक तापकावरच विसंबून राहतात, त्यामुळे तेथील नौका अशा वेळी अधिक असुरक्षित असतात.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे पाणी काढून टाकणे. एंजिनाच्या तळाच्या तोट्या गंजाने वा वाळूने बुजतात, म्हणून त्या तारेने मोकळ्या करून पाणी वाहते की नाही हे पाहावे लागते. नंतर प्रोपिलीन ग्लायकॉलयुक्त गोठणरोधक एंजिनातून खेळवितात. एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने पाण्यात सोडावयाच्या मार्गात ते वापरीत नाहीत. गोठणरोधकाच्या डब्यावरील तापमान पुष्कळदा नळी न फुटण्याची सीमा दर्शविते, द्रव गोठण्याची नव्हे. तसेच राहिलेल्या पाण्यात मिसळल्याने द्रावण पातळ होते. म्हणून आधी पाणी काढणे महत्त्वाचे असते. अशा रीतीने तयार केलेल्या एंजिनाला तापक ही पूरक जोड आहे, पर्याय नव्हे. शरद ऋतूच्या अखेरीस अवेळी पडणारी थंडी किंवा हिवाळ्यातही वापरात असलेली नौका यांसाठी त्याचा खरा उपयोग होतो.

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर पाणी गोठण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तथापि पेट्रोल-एंजिनाच्या बंदिस्त कक्षात दिवा, पंखा, पंप किंवा बॅटरी भारित करण्याचे साधन बसविताना प्रज्वलन-संरक्षणाचे हेच तत्त्व तेथेही लागू पडते.